बायनाबाईनं न ऐकलेला साहेब

उत्तरेश्वर प्रत्येक सिनेमात मरत असे. कधी विहिरीत ढकलला जाई, कधी घोड्यावरून पडे, कधी नायक त्याच्याच चाबकानं त्याचा गळा आवळी. मरायच्या आधी तो गोरा साहेब असे. मेल्यावर तो टोप आणि बूट परत देई, तोंडावरचा सफेदा खोबरेल तेलानं पुसून काढी आणि पुन्हा उसाच्या फडात जाई. तिथं बायको एकटीच ऊस तोडत असे आणि मुकादम शिव्या देत असे.

शिव्या द्यायला कारण होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, नाव कोयता. नवरा साहेब व्हायला गेला की अर्धाच कोयता उरे.

"अर्ध्या कोयत्याला पुरा फड देऊ का गं?" मुकादम छबुबाईला विचारी.

"साहेबाची बायको हाय मी," छबुबाई म्हणे. "जरा मापात बोला."

उत्तरेश्वरची वाडी घाटनांदूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जमीन कोरडवाहू. दसरा झाला की वाडी रिकामी होई, लोक ट्रकात बसून कोल्हापूरकडे उसाला जात. सिनेमेही तेव्हा कोल्हापुरात होत. हा योगायोग नसता तर उत्तरेश्वर नट झाला नसता. स्टुडिओला इंग्रज लागला की एक माणूस सायकलवरून फडात येई आणि विचारी, घाऱ्या डोळ्यांचा बीडवाला कुठं आहे?

वाडीनं खरा इंग्रज कधी पाहिला नव्हता. इकडे राज्य निजामाचं होतं. अंबाजोगाईला फार पूर्वी घोडदळाची छावणी होती, तिथं गोरे अधिकारी असत, एवढं म्हाताऱ्यांना ऐकून माहीत. उत्तरेश्वरचे डोळे घारे होते. त्याच्या आजीचेही घारे होते. तेवढ्यावरून वाडीनं तीन पिढ्या दात काढले. आजी पाणवठ्यावर आली की बाया तिला ऐकू जाईल अशा बेतानं छावणीची चौकशी करत. म्हातारी त्याच बोलण्यात जगली आणि त्याच बोलण्यात मेली. पुढं नातू पडद्यावर साहेब झाला, तर त्याच घरांतली माणसं अभिमानानं सांगू लागली, "आमच्या वाडीचाय."

त्याची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली. धारूरच्या घाटात रस्त्याचं काम निघालं होतं. उत्तरेश्वर आणि त्याची आई बायनाबाई तिथं खडी फोडत. किल्ल्यात एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. साहेब होणारा मुंबईचा नट उन्हानं आडवा झाला. मग छत्री घेतलेला एक माणूस खडी फोडणाऱ्यांच्या रांगेतून तोंडं बघत फिरला. तो उत्तरेश्वरपाशी थांबला. बैलाचे दात बघावेत तशी त्यानं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. खडीच्या भुकटीनं त्याचं तोंड पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात दोन घारे डोळे.

"हा चालेल," छत्रीवाला म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. उत्तरेश्वरला तर नक्कीच नाही.

किल्ल्यात त्याला पोटभर जेवण मिळालं. मग लाल टोप, मग बूट. त्याला एकच काम होतं. दुष्काळातली रयत चुलीवर भांडं ठेवून बसली आहे, साहेबानं यायचं आणि भांडं लाथाडायचं. रयत म्हणून घाटातलीच माणसं आणली होती. भांड्यात खरी घुगरी होती, कारण शिजलेलं दिसायला हवं होतं. उत्तरेश्वरनं हळूच लाथ मारली.

"जोरात," दिग्दर्शक ओरडला. "तुझ्या बापाचं आहे का ते?"

उत्तरेश्वरनं जोरात मारली. भांडं उलटलं. घुगरी मातीत सांडली. आणि रयत झालेल्या बाया खाली वाकल्या, मातीतून दाणे वेचू लागल्या, ओच्यात भरू लागल्या. त्यांना वेचा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा चालू राहिला.

"वा," दिग्दर्शक म्हणाला. "काय सुंदर आलं."

त्या बायांमधल्या दोघी उत्तरेश्वरच्या वाडीच्या होत्या. त्यांच्यापुढं तो बुटात उभा होता.

खाली घाटात बायनाबाई तेवढे दिवस त्याच्या वाटणीचीही खडी फोडत होती. त्यातच तिच्या डाव्या डोळ्यात कपची गेली. डोळा सुजला, मग पिकला, मग गेला. दुसराही दोन-तीन वर्षांत त्याच्या मागं गेला. बायनाबाई रडणारी बाई नव्हती. ती म्हणे, "ह्यो साहेब झाला अन् मी आंदळी झाले. एकाच कामावर."

एक डोळा शाबूत होता तेव्हा तिनं तो पहिला सिनेमा पाहिला होता. घाटनांदूरच्या बाजारात तंबू लागला होता. साहेब पडद्यावर आला, भांडं लाथाडलं, तोंड उघडलं. आतून भलताच आवाज आला. जाड, तुपात घोळलेला.

"ह्ये कोन बोलतंय रं?" बायनाबाईनं विचारलं.

"पुन्याचा मानूस हाय, माय. त्येचा आवाज लावतेत."

"कावून? तुला काय झालंय?"

काय झालंय ते त्यानं पुढं प्रत्येक सिनेमात विचारून पाहिलं. त्यानं सराव केला होता. उसाच्या मोळ्या बांधताना तो मोठ्यानं म्हणे, "टुम लोक लगान डेनार का न्हाई?" छबुबाई हसून हसून पाचटावर बसे.

"अवं साहेब, आदी मोळी उचला. मंग लगान घ्या."

पण स्टुडिओत त्याचा आवाज कोणी घेतला नाही. एका दिग्दर्शकानं त्याला नीट समजावून सांगितलं. इंग्रजानं तोडकं मराठी बोलायचं असतं हे खरं. पण तुझं तोडकं बीडचं आहे. लोक हसतील. साहेब असा बोलत नाही.

साहेब कसा बोलतो हे त्या दिग्दर्शकाला कुठून माहीत होतं? त्यानं तरी कुठं पाहिला होता? पण हे विचारायचं नसतं. ज्याच्या हातात मशीन असतं, त्याला साहेब कसा बोलतो तेही माहीत असतं.

बायनाबाईचा दुसरा डोळा गेल्यावर मात्र गोष्ट निराळी झाली. आता तिच्यासाठी सिनेमा म्हणजे नुसता आवाज. वाडीतली पोरं तंबूतून परत येत, साहेब कसा मेला ते तिला सांगत. ती ऐकून घेई. मग म्हणे, "मी बी गेलते एकदा. तिथं माझा लेक न्हाई. लोकाचा लेक बोलतोय." उत्तरेश्वर समजावी. ती मान हलवी. "मला दिसत न्हाई म्हनून ठकवतूस व्हय?"

ती चेष्टा करत होती. आधी करत होती. मग वर्षं गेली आणि ती चेष्टा राहिली नाही. उत्तरेश्वरच्या मनानं एकच घेतलं. एका तरी सिनेमात, एक तरी वाक्य, त्याच्या आवाजात यायला हवं. मायनं ते ऐकायला हवं. ती आहे तोवर.

मधल्या काळात आपल्याकडंही साखर कारखाना झाला. सहकारी. चेअरमन सुंदरराव. लोक त्यांना आण्णा म्हणत. माणूस भरदार, आवाज त्याहून भरदार. बोलण्याआधी ते दोनदा खाकरत. कारखान्याची सर्वसाधारण सभा दरवर्षी साखरेच्या गोदामात भरे. आण्णा खाकरत, एकेक विषय वाचत, थांबत. ते थांबले की गोदाम म्हणे, "मंजूर!" विषय काय होता, हे मागच्यांना ऐकू येत नसे. ते ऐकण्याची गरज नव्हती. आण्णांचा आवाज थांबला, एवढं कळलं की पुरे. मग बुंदी आणि वांग्याची भाजी.

कारखाना तलावाच्या काठाला. तलावाचं पाणी आधी खालच्या वाड्यांच्या विहिरींना पाझरत असे. कारखाना आल्यावर वरच्या अंगाला संचालकांचे ऊस उभे राहिले आणि तलावावर पाणी उपसणाऱ्या मोटारी बसल्या. खालच्या विहिरी एकेक करून कोरड्या पडल्या. मग पुन्हा पाऊस गेला. दोन वर्षं गेला. वाडीत टँकर येऊ लागला, तोही येईल तेव्हा. वाडीवरून दिसणारा वरचा ऊस मात्र हिरवागार होता. बाया रिकाम्या घागरी घेऊन रांगेत बसत आणि त्या हिरव्याकडं बघत.

अशा वर्षी आण्णांनी कारखान्यावर सिनेमा काढायचं ठरवलं. माहितीपट. पुण्याहून माणसं आली. आण्णांनी उत्तरेश्वरला बोलावून घेतलं.

"काय बे, लई मेलास म्हनं आतापर्यंत."

"मेलो आण्णा. पोटासाठी."

"आपल्या सिनेमात मारीत न्हाई तुला. ऊसतोड कामगार करायचा. कारखान्यामुळं सुखी झालेला. इंग्रज बास झाला, आता जरा आपला मानूस हो."

"आण्णा, बोलायचं कोनी?"

"तूच बोल की. तोंड हाय ना तुला?"

"तोंड लई जागी दिलं आण्णा. आवाज माझाच ठिवायचा. माय ऐकनार हाय."

आण्णांनी छातीवर हात ठेवला. "बायनाबाईला पैल्या रांगेत बसवतो. माझा शब्द."

उत्तरेश्वर घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. छबुबाईनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "मिशा लावायच्या न्हाईत. टोप न्हाई. सफेदा न्हाई. माझंच तोंड, माझाच आवाज." बायनाबाई आतून म्हणाली, "मंग अ‍ॅक्टिंग काय करनार त्यात?"

शूटिंग वरच्या उसात झालं. त्याला एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. कारखाना आला आणि आमच्या वाडीत गंगा आली. उत्तरेश्वरला पाठांतराची सवय होती. पडद्यामागं कोणाचाही आवाज लागो, ओठ हलवावेच लागत. त्यानं परकी वाक्यं शेकड्यानं म्हटली होती. हे वाक्य मात्र तोंडातून निघेना. गंगा म्हटलं की जीभ अडखळे. सकाळी टँकरवर छबुबाईचं डोकं फुटता फुटता वाचलं होतं. तिच्या कपाळावर हळद दाबलेली होती आणि ती समोरच कॅमेऱ्याच्या मागं उभी होती. पुन्हा पुन्हा घेतलं. ऊन कलायला लागलं. दिग्दर्शक थकून म्हणाला, "असं करा, तुमच्या शब्दांत सांगा. कारखाना आल्यावर काय झालं?"

उत्तरेश्वरनं उसाकडं पाहिलं. मग कॅमेऱ्याकडं.

"पानी उसाला गेलं," तो म्हणाला. "आमी उसामागं गेलो."

मशीन तेवढं घरघरत राहिलं. मग दिग्दर्शक पुढं आला आणि त्यानं उत्तरेश्वरचा हात हातात घेतला. असं आजवर कोणी केलं नव्हतं.

परत येताना छबुबाई म्हणाली, "ठिवतील का ह्ये?"

"आण्णाचा शब्द हाय."

"शब्द लई हायत आण्णाकडं. पानी न्हाई."

काय बोललो ते त्यानं आईला सांगितलं नाही. तिथंच ऐक म्हणाला. सभेच्या दिवशी बायनाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. वाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघाली. गोदामाच्या खिडक्यांना बारदान ठोकून भर दुपारी अंधार केला होता. आत मळीचा वास. पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर संचालक होते, त्यांचे जावई होते, तालुक्याचे पाहुणे होते. एका पोऱ्यानं बायनाबाईला हाताला धरून बाजूला भिंतीशी नेलं.

"आण्णा पैली रांग बोलले व्हते," उत्तरेश्वर म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," बायनाबाई म्हणाली. "मला कर्ण्याजवळ बसव. डोळेवाल्यांनी पडद्याजवळ बसावं."

सिनेमा लागला. यंत्रं दिसली, पोती दिसली, आण्णा हार घेताना दिसले. मग ऊस आला आणि उसातून एक तोंड मोठं मोठं होत आलं. रापलेलं, धुळीनं माखलेलं. घारे डोळे.

"आरं, उत्तरेश्वर!" कोणीतरी शिट्टी मारली. "साहेबाचा गडी झाला बे!"

बायनाबाई ताठ झाली. तिनं पदर कानामागं सारला. पडद्यावर तोंड उघडलं.

आधी खाकरल्याचा आवाज आला. दोनदा. मग भरदार आवाज म्हणाला, "कारखाना आला आणि आमच्या वाडीत गंगा आली. आम्ही सुखी झालो. हे सगळं सहकारामुळं."

ओठ केव्हाच मिटले होते. आवाज पुढं चालूच होता. मग तोही थांबला.

तो थांबला, आणि अंधारात सवयीनं सारं गोदाम ओरडलं, "मंजूर!"

त्या आवाजात छपरावरची कबुतरं उडाली. माणसांना आपण काय केलं ते कळलं आणि हशा पिकला. पहिल्या रांगेतून आण्णांचंही हसणं ऐकू आलं. आणि त्या हशाच्या वर बायनाबाईचा आवाज चढला.

"भाषन कदी संपायचं चेअरमनचं? माझ्या लेकाचं कदी हाय?"

हशा दुप्पट झाला.

"झालं की म्हातारे तुझ्या लेकाचं!"

"कदी झालं? मी हितंच बसलेय न्हवं?"

लोक पोट धरून हसत होते. वाईट माणसं नव्हती ती. त्यांच्याही विहिरी कोरड्या होत्या. त्यांच्याही बाया घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या. गंगा आली, हे त्यांनीच आता मंजूर केलं होतं. यावर काय म्हणावं?

उत्तरेश्वरला घाटातलं ते भांडं आठवलं. तेव्हा डोक्यावर लाल टोप होता. लाथ मारणारा आपण नव्हे, साहेब आहे, असं स्वतःला सांगता आलं होतं. आज टोप नव्हता. आज पडद्यावर तो स्वतः होता, त्याचं नाव होतं, त्याची वाडी होती. आणि आण्णांनी त्याच्या तोंडात आपला आवाज घालून वाडीच्या रिकाम्या घागरी लाथाडल्या होत्या. त्याच्या आईसमोर. ती आंधळी होती म्हणूनच तिला खरं ते कळलं होतं. बाकी सगळ्यांना उत्तरेश्वर दिसला. तिला चेअरमन ऐकू आला.

तो उठला. मशीनच्या उजेडात जाऊन उभा राहिला. पडदा त्याच्या सावलीनं काळा झाला. आण्णांचं हार घातलेलं तोंड त्याच्या सदऱ्यावर पडलं आणि हलू लागलं.

"माय," तो म्हणाला. "हिकडं ऐक."

"ए, बस खाली!" कोणीतरी ओरडलं.

"पानी उसाला गेलं," उत्तरेश्वर ओरडला. त्याचा आवाज फाटला. त्या आवाजाला कधी कोणी वळण लावलं नव्हतं. "पानी उसाला गेलं! आमी उसामागं गेलो!"

आणि तो थांबला.

आवाज थांबला की काय म्हणायचं हे गोदामाला माहीत होतं. मागच्या रांगांतून कोणीतरी म्हणालं, "मंजूर." मग आणखी कोणी. मग बायांच्या बाजूनं. मग एकाएकी सगळे गप्प झाले. सवयीनं म्हणाले की समजून म्हणाले, हे अजून कोणी छातीठोक सांगत नाही. विचारलं तर लोक दुसरीकडं बघतात.

खिडक्यांची बारदानं ओढली गेली. उजेड आला. पहारेकऱ्यांनी उत्तरेश्वरला दंडाला धरलं. आण्णा माईकवर खाकरले.

"बसा, बसा. नट मानूस हाय. त्याला वाटलं आजूक शूटिंग चालूच हाय."

लोक हसले. या वेळी कमी हसले, पण हसले. दिग्दर्शक खुर्चीत खाली मान घालून बसला होता. हात हातात घेणारा तोच हा माणूस. उत्तरेश्वर त्याच्यासमोरून गेला तरी त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या हंगामात एकाही मुकादमानं उत्तरेश्वरचा कोयता घेतला नाही. फडात तो नाही, म्हणून सायकलवाल्यालाही तो सापडला नाही. सिनेमातलं त्याचं मरणं तिथंच संपलं. ते सगळं नंतर. त्या दुपारी पंगती बसत होत्या, बुंदीची घमेली फिरत होती. बायनाबाई काठी टेकत उठली.

"माय, जेवून जायचंय का?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"घुगरी वेचायचे दिस गेले," ती म्हणाली. "चल."

ट्रॉली सगळ्यांची जेवणं झाल्यावर सुटणार होती. तिघं चालत निघाली. छबुबाई पुढं, मागं उत्तरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून बायनाबाई. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संचालकांचा ऊस होता. पाटातून पाणी वाहत होतं. बायनाबाईला ते ऐकू आलं. ती थांबली.

"त्ये कर्ण्यातून न्हाई आलं," ती म्हणाली.

"न्हाई माय."

"मंग तू आजूक सिनेमात न्हाईस."

छबुबाई वळून म्हणाली, "अवं आत्याबाई, आता कावून त्यांना..."

"तू गप गं. थोबाड नेलं त्यांनी ह्येचं. आवाज न्हाई दिला ह्येनं." तिनं काठी रस्त्यावर आपटली. "परत म्हन रं."

त्यानं वाक्य म्हटलं. पाटाच्या पाण्यापेक्षा जरा मोठ्यानं.

"तिथं वरडलास, मंग हितं कावून कुजबुजतूस? उसाला ऐकू जाऊ दे."

उत्तरेश्वर उसाकडं तोंड करून उभा राहिला. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडला. आत कुठंतरी मोटार चालू होती, ती चालूच राहिली. बायनाबाईनं तोंड वर करून ऐकलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

"आजूक," ती म्हणाली.